मिनाच्या गाडीची चाकं

मंगळवार, दिवेलागण

ते चाक अजून डोळ्यांपुढं फिरून राहिलं. नातीच्या, मिनाच्या, लहान मोटारगाडीला नवी चाकं पाहायला आमी दोघी हिंगोलीला गेलो. मिनाला आवडलं मोठ्ठं चकचकीत चाक, अन् त्यावर रबर भाकरीएवढं पातळ. असल्या चाकावर ही रोज डोंगरकडा गावाहून खड्ड्याखड्ड्यांतून नोकरीला जाणार. वाटेत टायर फुटलं तर एकटी पोरगी काय करील?

माझा बाप बैलगाडीची चाकं करायचा. गिऱ्हाईक आधी चाक रिकामं लोटून पाहायचं. मी दुकानदाराला म्हटलं, "लोट."

"आजी, ही बैलगाडी न्हाई."

"बैल न्हाई ते दिसून राहिलं मला. लोट."

लोटलं त्यानं. उन्हात चांदीचं फूल फिरत जावं तसं गेलं, आवाज न्हाई की धूळ न्हाई. या वयात चाकावर जीव जडावा? तरी पातळ रबराला मी न्हाईच म्हटलं. मिना वाटभर तोंड फुगवून बसली.

आता सुचलं. तेच चाक एक माप लहान घ्यावं, म्हणजे रबराला जागा होईल, जाड बसेल. दुकानात काहून सुचलं न्हाई? चाकाकडं पाहत राहिले, म्हणून. हे मिनाला सांगायचं न्हाई. माप तेवढं सांगते.