आधी शेवंतीची चाल बघा

शेवंतीच्या बाबांना,

आगबोट आज लागेल म्हणतात, पण कापणी थांबत नाही, म्हणून मी शेतात गेले आहे. पेज झाकून ठेवली आहे, आंघोळीचे पाणी चुलीवर आहे. शेवंतीला घेऊन तुमच्या आये खालच्या घरी बसल्या आहेत.

तिच्या अधू पायांसाठी पट्ट्यांचे बूट आणतो, असे तुम्ही लिहिले होतेत. ते एवढ्यात पेटीतून काढू नका. आधी तिला घरापुढच्या खळ्यात सोडा.

शिमग्यानंतर तुम्ही गेलात तेव्हापासून रोज सकाळी तिला तेल लावून कोवळ्या उन्हात बसवते. पावसाळ्यातही उघडीप मिळाली की हातातले काम टाकून बाहेर नेली. आये म्हणायच्या, "चेडवाक उनात कोळसो करतलंस गो." झाली आहे पोर थोडी काळी. पण उन्हात बसली की तिला तहान लागते, आणि पाण्याची करवंटी मी हाताशी ठेवत नाही, रोज थोडी लांब सरकवते. आधी रांगत जायची. दसऱ्याला उभी राहिली आणि चालत गेली. ते आयेंनीच पहिल्यांदा पाहिले. उन्हाची युक्ती आपलीच, असे आता त्या वाडीभर सांगतात. सांगू देत.

तेव्हा करवंटी भरून तुळशीपाशी बसा आणि तिला हाक मारा. तुम्हाला ओळखायला जरा वेळ लावील. वाटेत पडली तर धावू नका. कुणी उचललेले तिला आता खपत नाही.

आनंदी