आमच्या तारखेतला वाटा

प्रिय आबा,

आज नातवंडांनी पुन्हा तुमच्या वाढदिवसाची गोष्ट सांगायला लावली. मी नेहमीसारखी रंगवून सांगितली, नेहमीच्याच ठिकाणी थांबले आणि काहीतरी निमित्त काढून आत आले. पुढचं त्यांना कधी सांगितलंच नाही. तुमच्याशी तरी कुठे बोलले? म्हणून हे पत्र.

आठवतं का हो? शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावच्या सगळ्या पोरांना एकच जन्मतारीख देऊन टाकली होती, एक जून. मी तिसरीत, वसंता पहिलीत, आणि दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी! मी तुमची तारीख विचारली, तर म्हणालात, "माजी कसली गो तारीक? आये सांगायची, भातकापणी चालू व्हती." तुम्ही शाळेत गेला नाहीत, म्हणून तुम्हाला एक जूनसुद्धा मिळाली नव्हती. मला इतकं वाईट वाटलं! आम्ही भावंडांनी ठरवलं, आबांना आपल्यातच घ्यायचं.

तुम्ही पावसाआधी घरावरची कौलं चाळत होतात. "आबा, खाली या, तुमचा वाढदिवस हाय!" वसंता ओरडला. "मी काय कलेक्टर हाय?" असं म्हणत उतरलात खरे, पण पाय धुतलेत, खुंटीवरची टोपी घातलीत आणि पूजेला बसावं तसे पाटावर बसलात. आईने फणसाची सांदणं केली होती. मी ओवाळलं. चार वर्षांच्या बेबीने आपलं अर्धं उष्टं सांदण तुमच्या तोंडात कोंबलं.

"मग आता मी किती वर्षांचा झालो?"

"एक!" बेबी म्हणाली.

तुम्ही तेच धरून बसलात! पोलादपूरच्या बाजारात कुणी वय विचारलं की म्हणायचात, "आता तीन पुरी झाली." आई वैतागायची, "पोरांपरीस ह्यांनाच चळ लागलाय." मे संपत आला की रोज फणस ठोकून बघायचात. किती हौस होती हो तुम्हाला!

नातवंडांची गोष्ट इथे संपते.

पुढे मी महाडला मावशीकडे राहून हायस्कुलात जाऊ लागले. एका सुट्टीत माझी मैत्रीण, वकिलाची मुलगी, चार दिवस आपल्याकडे राहायला आली. एक जूनला सकाळी तुम्ही स्वतःच पाट मांडलात आणि टोपी घालून बसलात. "काय गो शकू, आज माजा दिवस नाय?"

मैत्रीण हसली. आणि मी, तुमची लाडकी, काय म्हणाले? "काहीतरीच काय आबा! ज्याला स्वतःची तारीख माहीत नाही, त्याचा कसला वाढदिवस?"

"व्हय, खरंच की," म्हणालात. टोपी खुंटीला अडकवलीत आणि शिडी चढून वर गेलात. दुपारपर्यंत कौलांचा आवाज येत होता.

का नाही ओरडलात माझ्यावर? एक थोबाडीत दिली असतीत तर फिटंफाट झाली असती! पुढच्या वर्षी मी वाट बघत होते हो. तुम्ही तांबडं फुटताच शेतावर निघून गेलात. मला मागून हाक मारायचा धीर झाला नाही. मग लग्न होऊन मीच गेले. ऐंशी ओलांडून देवाघरी गेलात आबा, पण आमच्या मोजणीत सहाचेच राहिलात.

आता ही पोरं त्याच खोट्या तारखेला माझ्यासाठी केक आणतात. सगळे टाळ्या वाजवतात आणि मला तुम्ही हवे असता. फार हवे असता.

उद्या मुलांना पुढचं सगळं सांगणार आहे, हे वचन. ती विचारतीलच, "आजी, मग तू सॉरी म्हणालीस का?" नाही म्हणाले, असंच सांगेन. साठ वर्षं जीभ उचलली नाही. आज उचलते.

चुकले हो, आबा.

तुमचीच,
शकू