अश्विनीसाठी गुळवेल

३ नोव्हेंबर, सोमवार
दसऱ्यापासून वहीला हात लावला नाही, माफी असावी. कुणाची माफी मागतोय कुणास ठाऊक. वही माझीच, वाचणाराही मीच. सूनबाईंना, अश्विनीला, पुन्हा दिवस राहिलेत. आधीची दोन्ही दुसऱ्याच महिन्यात गेली. तिसरा सरेपर्यंत बोलायचं नाही अशी रीत, म्हणून मलाही कालच सांगितलं, तेही कुठे बोलू नका म्हणून. घरात राहून मी परका.

५ नोव्हेंबर, बुधवार
गणेशला विचारलं, नगरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, त्यात निघालं काय? म्हणाला, "आबा, प्रतिकारशक्तीचा घोळ हाय." एवढं बोलून गाडीला किक मारून गेला. पोटचं पोरगं, पण धड सांगणार नाही.
प्रतिकारशक्ती म्हटल्यावर मला कळतं की. करोनात सगळं गाव गुळवेल पीत होतं. विहिरीजवळच्या कडुलिंबावरची आणली, कुटली. हिने, गणेशच्या आईने, काढा करून दिला. अश्विनीने मुकाट्याने घेतला. रोज द्यायचा.

९ नोव्हेंबर, रविवार
गणेशने पातेलं बघितलं आणि माझ्यावरच उखडला. "ती शक्ती वाढवायची न्हाई आबा, तीच उलटलीय तिच्यावर!"
मग अश्विनीनेच नीट सांगितलं. अंगातले राखणदार घरच्यांवरच धावून जातात. रक्तात गाठी होतात, गर्भाची वार नीट धरत नाही. म्हणून रक्त पातळ राहायला ती रोज पोटात सुई टोचून घेते. रोज! भिंतीपलीकडे, आणि मला पत्ता नाही.
दोन वर्षं तिने काय काय ऐकलं. अंगात उष्णता, बाहेरचं, हंडा का उचलला, पपई खाल्ली असेल. हीसुद्धा बोलली. त्यातलं एकही कारण नव्हतं.
म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तुमी कधी इचारलं का आबा? बोलनाऱ्यांना तर सगळं ठावंच हुतं."
मग काढा का प्यायलीस?
"तुमी कुटली हुती म्हनून. लई कडू हुता पन."
हसली. मला नाही हसू आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरीणबाईंना फोन झाला. काढा बंद, सुई आणि सोबतची गोळी चालू ठेवा. चार दिवस प्यायल्याने बहुतेक काही होत नाही म्हणाल्या. बहुतेक म्हणजे काय? शिकलेल्या माणसांनी असं अर्धवट का बोलावं? जेवण गेलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच दोघं नगरला गेली. आज सोनोग्राफी, बाळाचे ठोके बघणार. हिला म्हटलं मीही जातो, तर म्हणे, तिथं तुमचं काय काम.
दुपार टळली. गणेशचा मोबाईल बंद. मधल्या घाटात रेंज नसते, पण अजून घाटातच का? विहिरीवर जाऊन आलो. लिंबावरची वेल ओढून टाकावी वाटलं. हात लावला आणि सोडली. तिने कुणाचं काय बिघडवलं?
हिने तीनदा चहा केला, तिन्ही कप तसेच.
गणेश, बरं असो वाईट असो, लवकर कळव रे बाबा. ठोक्यांचं मागून सांग. आधी अश्विनी कशी आहे तेवढं कळव.