दुकानाने केलेला तुमचा वाढदिवस

अहो,

नमस्कार. “तिकडे पैशाची ओढाताण आहे का?” असं तुम्ही लेकीला फोनवर विचारलंत, म्हणून हे पत्र.

आहे थोडी. जावईबापूंचे कामाचे तास कमी झालेत, पण नोकरी शाबूत आहे. किराणा मी हातात घेतला आहे, तेव्हा काळजी नको. कुपनं कापते, दुकानाच्या कार्डावर पॉइंट जमवते. लेक म्हणते, “आई, लाज वाटते गं!” मी म्हटलं, “मग दोन पावलं मागे उभी राहा.”

कार्ड काढताना मी सवयीने तुमचीच जन्मतारीख लिहिली. जन्मभर तुमचेच अर्ज भरले ना! काल काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मावशी, हॅपी बर्थडे!” आणि फुकटचा केक पुढे केला. चूक सांगायला तोंड उघडलं, पण पिशव्या धरून उभे असलेले जावईबापू कितीतरी दिवसांनी खळखळून हसत होते. मिटलं.

गोळ्या वेळेवर घेता ना? खरं लिहा.

तुमच्या तारखेवर मिरवणारी,
मीच

ता. क. दुकानाकडून मिळाले: छोटा केक एक, मेणबत्ती एक. केक आम्ही तिघांनी संपवला. मेणबत्ती न पेटवता या पाकिटातून तुमच्या हवाली.