मंगलने तिला सांगितलं

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या प्रयोगशाळेतलं मुलांच्या चाचण्यांचं काम सरांनी शेवटी ऋतुजालाच दिलं. मला हवं होतं ते. आमच्याच गावाकडची मुलं आहेत ती!

तोंडाला मास्क लावून, कमी ऑक्सिजनच्या हवेत जागच्या जागी सायकल मारायची. मोठी माणसं त्रास झाला की स्वतःच थांबतात. मुलं सांगतच नाहीत. आज साक्रीकडच्या मंगलला मी दोनदा विचारलं, "बाळ, काही त्रास होतोय का?" दोन्ही वेळा तिने नुसती नकारार्थी मान हलवली. मग नाशिकची ऋतुजा तिच्याजवळ उकिडवी बसली, तर मंगल लगेच म्हणाली, "ताई, माले भोवय ई ऱ्हायनी."

ऋतुजाला कळलंच नाही. माझ्याकडे वळली, "काय म्हणतेय गं?"

"चक्कर येतेय तिला."

ऋतुजाने सायकल थांबवली. सर म्हणाले, "बघा, मुलं हिला सांगतात."

हिला! शब्द माझ्या आईच्या तोंडचा, अर्थ मी सांगितला. मग मंगलने मला का नाही सांगितलं? मी काय मास्तरीणबाई दिसते तिला?

निघताना ऋतुजा म्हणाली, "मला तुमची अहिराणी शिकव ना, मुलांसाठी." शिकवायलाच हवी. मी नसते तर आज मंगल पडली असती.

मी म्हणाले, "बघू. सध्या वेळ नाही."