आखूड पाऊल

२२ जुलै, मंगळवार

परत आलो! बत्तिसाव्या वर्षी, टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघात! दोन वर्षं गोदामात टायर चढवले-उतरवले. किकऑफ — खेळ सुरू करणारी लांब लाथ — झेलून पळणारा माणूस हवा होता कुणाला? किकर सणसणीत लाथ घालायचे, चेंडू मागच्या रेषेबाहेर, आणि लोक बीअर आणायला उठायचे.

आता नियम बदललाय: चेंडू आमच्या शेवटच्या वीस यार्डांत पडला पाहिजे. पलीकडे गेला तर आम्हाला पस्तीस यार्डांवरून सुरुवात, फुकटात. अलीकडे पडला तर चाळीसवरून. आणि तो पडेपर्यंत बाकी सगळे समोरासमोर नुसते उभे, कुणी हलायचं नाही — पोरांच्या स्टॅच्यूसारखे! म्हणजे माझ्यासारख्याला पुन्हा काम.

बायको, लोरेन, म्हणाली, "गोदामाच्या मालकाशी गोड बोलून निघ. कोण जाणे." विश्वास म्हणजे असा!

२४ जुलै

नाक कापलं गेलं. चेंडू माझ्यापुढे टप्पा खाऊन मागच्या पट्ट्यात घरंगळत गेला. जुनी सवय — मी हात पसरले आणि सोडून दिला. आमच्या वेळी तिथे खेळ संपायचा. कोच टॅलिफेरो मैदानाच्या त्या टोकाकडून किंचाळले, "डेझ! तो चालू आहे अजून! टाटा काय करतोस त्याला?" तोवर दोघं येऊन त्याच्यावर पडलेही. सगळे हसले.

मारणारा होता वेंडेल प्रोहास्का. नेब्रास्काचा. टक्कल पडू लागलेला, जरासा पोट सुटलेला. किकर म्हणजे आमच्यात अर्धाच खेळाडू. त्याची जर्सी मळत नाही. पूर्वी मी अशांना "बँकवाले" म्हणायचो. आज तोंड बंद ठेवलं.

३० जुलै

हा माणूस काय करतो ते आज जवळून पाहिलं. चेंडू रबरी ठोकळ्यावर सरळ उभा करतच नाही. तिरका, जवळजवळ आडवा टेकवतो. मग पाय पोटात न घालता खालच्या बगलेला चापट मारल्यासारखा लावतो. चेंडू फिरत नाही. डुलत, हेलपाटत, बुटका येतो, आणि जमिनीला लागला की स्वतःलाही ठाऊक नसेल अशा दिशेला उडतो. कधी छातीवर, कधी घोट्याशी.

"शिकलास कुठे?" विचारलं.

"गुरांच्या तळ्यावर. भाऊ आणि मी पाण्यावर दगडाच्या भाकऱ्या करायचो. पंधरा वर्षं कोच सांगत होते, लांब मार, उंच मार. आता म्हणतात, वाईट मार. वाईट तर मला आधीपासूनच येतं."

आमचा दुसरा किकर वीस यार्ड लांब मारतो त्याच्यापेक्षा. पण ती ताकद आता फुकट जाते. लांब मारलं की समोरच्याला बक्षीसच. मला हे फार आवडलं! सगळ्या देशानं मांड्या फुगवल्या, आणि नियमानं म्हटलं — आता जरा डोकं आणा.

५ ऑगस्ट

सराव संपल्यावर आम्ही दोघंच थांबतो. तो मारतो, मी झेलतो. आज माझ्या डाव्या बाजूला एक टप्पा विचित्र उडाला; वळायला गेलो आणि गुडघ्यानं दगा दिला. सपशेल आडवा. वेंडेल चालत आला. घाई नाही काही.

"डावा ना? त्या बाजूला तू नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतोस."

डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही मी. कळलं तर संध्याकाळपर्यंत घरी पाठवतील.

"कुणाला बोलू नकोस," म्हणालो.

त्यानं नुसतं ठोकळ्याकडे पाहिलं. "उद्यापासून डावीकडेच मारत जातो. सवय होईल."

१४ ऑगस्ट

रोज डावीकडे. रोज शिव्या घालतो मी त्याला. "अरे बँकवाल्या, माझ्या आईनं तुझं काय वाईट केलंय?" तो म्हणतो, "तुझ्या आईला विचार, तुला दोन्ही पाय सारखे का नाही दिले." बोलतो कमी, पण बोलला की लागतं. गुडघा बरा नाही झाला. पण आधी कुठे उभं राहायचं ते कळू लागलंय.

आणखी एक सापडलं. ठोकळ्यापासून मागे जाताना त्याचं शेवटचं पाऊल आखूड पडलं, की चेंडू बुटका येणार. पूर्ण पडलं, की उंच. त्याला स्वतःला ठाऊक आहे का, विचारलं नाही. आखूड पाऊल दिसलं की मी पुढे धावतो आणि टप्पा पडायच्या आत झेलतो. तो कमरेवर हात ठेवून बघत राहतो. मजा येते!

२६ ऑगस्ट, मंगळवार

पक्क्या संघाची यादी लागली. मी राहिलो.

वेंडेलला काढलं. खांबांमधून मारायच्या दोन किक हुकल्या होत्या त्याच्या, लांबून. दुसरा, मांडीवाला किकर राहिला. वेंडेल बूट पिशवीत भरत होता. तो म्हणाला, "डावीकडे रोज थोडं कर. कुणाला तरी पकड आणि मारायला लाव." बस्स. गेला.

घरी येऊन मी लोरेनसमोर रडलो. गुडघ्यासाठी नव्हे.

२९ ऑगस्ट

डे मॉइनच्या संघानं त्याला घेतलं! दीड दिवस बेकार होता फक्त. आमचा जुना गडी कीनन तिथेच आहे, त्यानं कळवलं. ऑक्टोबरात ते इथे खेळायला येतात.

८ ऑक्टोबर, बुधवार

सहा आठवडे झाले, सगळी लीग वेंडेलच्या किकबद्दल बोलतेय. त्याच्यासमोर वीस यार्डांपुढे कुणी फारसं पोचत नाही. तीन संघांचे किकर चेंडू तिरका ठेवायला लागलेत. दोघांचे बाहेर जातात. टीव्हीवरच्या दोन म्हाताऱ्यांनी अर्धा तास त्याचा ठोकळा दाखवला. मला उगाच अभिमान वाटला, जणू मीच लाथ घातली.

आज कोचनं खोलीत बोलावलं. दार लावलं.

"उन्हाळाभर तू त्याचे झेल घेतलेस. काही कळतं का आधी?"

मी सांगितलं. आखूड पाऊल. सगळं. उभं राहून करूनही दाखवलं.

लोरेन पिरोगीच्या करंज्या तळत होती. ऐकून हात थांबला तिचा. "सांगितलंस तू?"

"नोकरी आहे माझी."

"त्याची काय हौस आहे?"

माझं ताट वाढून ती स्वतःचं घेऊन टीव्हीपुढे गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार

त्याला गुडघा ठाऊक आहे. तोही सांगणारच. का सांगू नये? मी नाही सांगितलं? उद्या पहिलीच किक डावीकडे येणार, आणि अवघं मैदान बघणार की डेझ लंगडा आहे. सोमवारी गोदाम.

पट्टी दोनदा बांधून पाहिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

हरलो. लिहायलाच हवं पण, कारण असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

सरोवरावरून वारा बोचत होता, आडवा. पहिली किक — आखूड पाऊल. मी पुढे धावलो. बुटका चेंडू, माझ्या उजवीकडे! जीव भांड्यात पडला. टप्प्याआधी झेलला आणि थेट चाळीसच्या पुढे. दुसरी, तीच गोष्ट. पुन्हा उजवीकडे. वाटलं, वारा तिकडे ओढतोय, म्हणून. कोच बाजूला उड्या मारत होते, "पाऊल! पाऊल!" मध्यंतरानंतरही तसंच, आखूड पाऊल, बुटका चेंडू, उजवीकडेच, आम्ही पळतोय. वेंडेल नुसता बघत होता. मला वाईटही वाटत होतं आणि थांबावंसंही वाटत नव्हतं.

शेवटची काही मिनिटं. बरोबरी. तो ठोकळ्यापासून मागे गेला. आखूड पाऊल — अगदी सावकाश, मला दिसावं असं. मी जीव खाऊन पुढे पळालो.

चेंडू उंच गेला! माझ्या डोक्यावरून, उजव्या कोपऱ्यात, रेषेच्या अलीकडे चार यार्ड, आणि तिथेच ओल्या चिखलात रुतल्यासारखा थांबला. मागे फिरून उचलेपर्यंत पाच जण अंगावर. आम्ही तिथेच अडकलो, चेंडू त्यांना द्यावा लागला, आणि शेवटी खांबांमधून मारायला आला तोच. बरोब्बर मधून!

दिवसभर तो मला खोटं पाऊल खरं करून दाखवत होता. मुद्दाम, आधीच्या सगळ्या किकमध्ये मला आमिष घालून. मी चिडायला हवं होतं. मी चिखलात बसून हसत होतो! अशी लाथ कुणी मारत नाही रे बाबा, कुणीच नाही.

हात मिळवायला आला. मीच म्हणालो, "मी सांगितलं त्यांना."

"नसतं सांगितलंस तर आज माझं काय झालं असतं?" म्हणाला, आणि डोक्यावर टपली मारून गेला.

१३ ऑक्टोबर

कोच रागावले नाहीत. बाकीच्या किकवर मी चांगला पळालो, म्हणाले. जागा आहे माझी. हिशेब फिटला असं वाटतंय — मी त्याचं पाऊल विकलं, त्यानं मला त्याच पावलानं पाडलं. आज झोप छान लागेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कीननचा फोन. आठवडाभर त्यांचे कोच वेंडेलच्या मागे होते — डेझची कमजोर बाजू कुठली? तो म्हणे एवढंच सांगत राहिला, "त्याला कमजोर बाजू नाही. आणि तिथे वारा त्याच्या उजवीकडे ओढतो, मी तिकडेच मारणार."

दर क्वार्टरला, म्हणजे पाव सामन्याला, संघ बाजू बदलतात. अर्धा सामना वारा माझ्या डावीकडे ओढत होता.