आधी तुम्ही सगळे सांगा

मॅडम, आज दुपारी द्राक्षं चाखताना तुमचा चेहरा आठवला; म्हणजे त्यावर काहीच न दिसणं आठवलं. पिंपळगावच्या आपल्या जुन्या संशोधन केंद्रात नव्या वाणाचा पहिला घड आला की आपण सगळे शेडमध्ये गोल उभे राहायचो. सर्वांत नवा माणूस आधी बोलणार, प्रमुख म्हणून तुम्ही सर्वांत शेवटी, हा तुमचा शिरस्ता. मी नवी, त्यात फटकळ. "शी, खोकल्याचं औषध लागतंय," म्हणून गेले आणि मग कळलं, तो वाण तुम्हीच कित्येक वर्षं जपलेला. तुम्ही बी तळहातावर काढून शांतपणे म्हणालात, "बरोबर बोलतेय ही. पुढचा घड आणा." त्या शेडमध्ये उन्हाचे कवडसे हलतायत, कुणीतरी काहीतरी वेडगळ सुचवतंय आणि तुम्ही "करून बघ की" म्हणताय. अजून डोळे मिटले की मी तिथेच असते.

आता तुमच्या खुर्चीत मी आहे. काचेच्या केबिनी आल्या, साध्या प्रयोगालाही या टेबलावरून त्या टेबलावर मंजुरी फिरते, आणि मानाचा पहिला मणी बशीतून मला. मी "छान" म्हटलं की सगळ्यांना छान लागतं, मी नाक मुरडलं की सगळ्यांची तोंडं आंबट. गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या एका तरुण संशोधक मुलीच्या वाणाला मी नाक मुरडलं. ती देवळ्याकडची. वाणाची चव पाणचट, पण अवकाळी पावसात मणी तडकत नाहीत. वेली उपटायच्या असं तिथल्या तिथे ठरलं. तीसुद्धा मान डोलावून गेली. तेव्हापासून मला चैन नव्हतं. द्राक्ष वाईट होतं की माझा चेहरा, तेच कळेना.

म्हणून आज म्हटलं, "पुन्हा चाखा. आधी तुम्ही सगळे सांगा," आणि बाहेर जाऊन उभी राहिले. दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. आधी तीच मुलगी बोलली, "चव लय पाणचट आहे, मान्य. पण साल बघा ना! उपटायचं कशापायी?" कुणीतरी म्हणालं, "गोड वाणाशी संकर करून बघू." दुसरा म्हणाला, "काहीतरीच काय!" आणि मग काय भांडलेत म्हणून सांगू! बाहेर ऊन पेंगत होतं, वेलींवर मंद वारा होता, आणि मला वाटत राहिलं, आत तुम्हीच उभ्या आहात. वेली ठेवायचं ठरलं.

पण मॅडम, मला आत बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. लागलं हो मनाला. तुम्ही तेव्हा गप्प राहायचात, तेव्हा तुम्हालाही असंच लागायचं का? तुमच्यासमोर हे विचारायची माझी छाती झाली नसती. तुम्ही आता नाही, हे वाचणार नाही, म्हणूनच लिहिलं.